कार्ल शेले : दुग्धाम्लाचा शोधक, उपेक्षेचा धनी

हृदय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया पार पडून रुग्ण अतिदक्षता विभागात आला, की नवे हृदय धडधडते आहे एवढ्यावर डॉक्टरांचे समाधान होत नाही. रक्तदाब, नाडी, लघवीचे प्रमाण यांच्या जोडीला आणखी एक आकडा पहिल्या दिवसांत पुनःपुन्हा पाहिला जातो. मनगटाच्या धमनीत बसवलेल्या नळीतून थोडेसे रक्त घेतात, शेजारच्या यंत्रात घालतात आणि काही मिनिटांत त्यातील लॅक्टेटचे प्रमाण कळते. ते उतरत असेल तर शरीराच्या कानाकोपऱ्यांत रक्त पोहोचत असल्याचा दिलासा मिळतो. चढत असेल तर कोठे काय अडले याचा शोध सुरू होतो. लॅक्टेट म्हणजे लॅक्टिक आम्लाचे, आपल्या भाषेतील दुग्धाम्लाचे, रक्तात वावरणारे रूप.

हे आम्ल प्रथम वेगळे केले ते स्वीडनमधील कोपिंग नावाच्या लहानशा गावातील एका औषधविक्रेत्याने, १७८० साली. त्याच्यासमोर रुग्ण नव्हता, रक्तही नव्हते. होते ते आंबलेल्या दुधाचे पाणी. कार्ल विल्हेल्म शेले हे त्यांचे नाव. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून न चढलेल्या, जन्मभर औषधाच्या दुकानात राबलेल्या आणि वयाच्या ४३ व्या वर्षी जगाचा निरोप घेतलेल्या या माणसाच्या नावावर रसायनशास्त्रातील इतके शोध आहेत, की त्यातील दोन-तीन जरी एखाद्याच्या वाट्याला आले असते तरी तो अजरामर झाला असता. शेले यांच्या वाट्याला मात्र कीर्तीपेक्षा कष्ट अधिक आले.

दिवाळखोराचा मुलगा

शेले यांचा जन्म डिसेंबर १७४२ मध्ये स्ट्राल्सुंड येथे झाला. बाल्टिक समुद्राच्या काठचे हे बंदर आज जर्मनीत आहे. त्या काळी तो प्रदेश स्वीडनच्या राजाच्या अंमलाखाली होता. घरची भाषा जर्मन, राज्य स्वीडिश. दोन भाषांच्या सीमेवर जन्मलेल्या माणसाची जी तारांबळ असते ती शेले यांच्या वाट्यालाही आली. पुढे सारी हयात स्वीडनमध्ये घालवूनही लिहिताना त्यांना जर्मनच जवळची वाटे. सीमाभागातील आणि परप्रांतांत स्थिरावलेल्या मराठी वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको.

वडील धान्याचे व्यापारी आणि बिअर गाळण्याचा व्यवसाय करणारे. घरात अकरा मुले. कार्ल अगदी लहान असतानाच वडिलांचा धंदा बुडाला आणि कुटुंबावर दिवाळखोरीची नामुष्की ओढवली. अशा घरातील मुलाला उच्च शिक्षण मिळणे कठीणच होते. मात्र घराण्याच्या स्नेह्यांमध्ये औषधविक्रीच्या व्यवसायातील माणसे होती. त्यांच्याकडून कार्लला औषधांच्या चिठ्ठ्या आणि रासायनिक चिन्हे वाचण्याची गोडी लागली. थोरला भाऊ गोथेनबर्गच्या मार्टिन बाउख यांच्या औषधालयात उमेदवारी करत होता. तो अकाली वारला. त्याच औषधालयात १७५७ साली चौदा वर्षांचा कार्ल उमेदवार म्हणून रुजू झाला.

त्या काळचे औषधालय म्हणजे बंद बाटल्यांचे दुकान नव्हे. वनस्पती वाळवणे, खनिजे कुटणे, अर्क काढणे, क्षार शुद्ध करणे ही सारी कामे दुकानाच्या मागच्या खोलीतच होत. भट्टी, खलबत्ता, काचेची वाफनळी आणि तराजू ही साधने उमेदवाराच्या हाताखाली रोजच असत. बाउख यांच्याकडे रसायनशास्त्रावरील त्या काळचे नावाजलेले ग्रंथही होते. दिवसभर मालकाचे काम करावे, रात्री ग्रंथांतील प्रयोग स्वतः करून पाहावेत, असा कार्लचा परिपाठ पडला. ग्रंथात लिहिले आहे म्हणून मान्य करायचे नाही, हाताने करून पाहिल्यावरच मान्य करायचे, ही त्यांची वृत्ती याच काळात घडली. शेले यांचे विद्यापीठ कोणते, असे कोणी विचारलेच तर गोथेनबर्गच्या दुकानाची मागची खोली हे त्याचे उत्तर होय.

औषधालयातून औषधालयात

बाउख यांनी १७६५ मध्ये आपले औषधालय विकले आणि शेले माल्मोला गेले. तेथील मालक उदार मनाचे होते. आपल्या सहायकाच्या प्रयोगांना त्यांनी आडकाठी केली नाही. शेजारच्या लुंड विद्यापीठातील अँडर्स रेत्सियस यांच्याशी शेले यांची ओळख झाली ती येथेच. जे काही कराल ते लिहून ठेवत जा, हा सल्ला रेत्सियस यांनी दिला. शेले यांना प्रयोगाचा नाद होता, नोंदीचा नव्हता. या मित्रामुळे ती शिस्त थोडीफार लागली.

१७६८ मध्ये ते स्टॉकहोमला आले. राजधानीत विद्वानांची अकादमी होती, पण शेले यांना मिळालेल्या कामात प्रयोगाला फारसा वाव नव्हता. तरीही त्यांनी चिंचेत आणि द्राक्षांत आढळणारे टार्टारिक आम्ल स्फटिकरूपात मिळवले. अकादमीकडे पाठवलेले त्यांचे सुरुवातीचे निबंध मात्र बाजूला पडले. एका अनोळखी दुकान-सहायकाच्या कागदांकडे लक्ष देण्याची गरज उप्साला विद्यापीठाचे ख्यातनाम प्राध्यापक टॉर्बेर्न बेरिमान यांना तेव्हा वाटली नाही.

नियतीचा खेळ असा, की १७७० मध्ये शेले उप्सालाच्याच एका औषधालयात कामाला लागले आणि बेरिमान त्या औषधालयाचे गिऱ्हाईक होते. तेथून आणलेला सोरा त्यांनी बराच वेळ तापवला आणि त्यावर सौम्य आम्ल घातले, तर तांबूस वाफा निघाल्या. न तापवलेल्या सोऱ्यातून अशा वाफा येत नसत. माल भेसळीचा असावा असा संशय आला. पण खुलासा कोणालाच करता येईना. तापवल्यावर सोऱ्यातून काहीतरी निघून जाते आणि मागे उरतो तो निराळाच क्षार असतो, हे उत्तर दिले दुकानातल्या शेले यांनी. ती गोष्ट योहान गान या तरुण खनिजतज्ज्ञामार्फत बेरिमान यांच्या कानावर गेली आणि ते चकित झाले. पूर्वीची उपेक्षा मागे पडली; दोघांमध्ये अखेरपर्यंत टिकलेली मैत्री जमली. शेले ही बेरिमान यांचीच सर्वांत मोठी शोधसिद्धी होय, असे पुढे लोक गमतीने म्हणू लागले.

बेरिमान यांनी शेले यांच्याकडे एक काळे, जड खनिज सोपवले. आज आपण त्याला मँगनीजचे खनिज म्हणतो. गोव्याच्या खाणकामाशी परिचित असलेल्यांना ते नवे नाही. या एका दगडावर शेले यांनी जवळजवळ तीन वर्षे काम केले आणि १७७४ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एक नवा धातू असल्याचे दाखवून दिले, बेरियमचा निराळेपणा ओळखला आणि डोळ्यांना झोंबणारा, रंग उडवणारा एक पिवळसर हिरवा वायू मिळवला. तो वायू म्हणजे क्लोरीन. मँगनीज धातुरूपात वेगळे करण्याचे काम मित्र गान यांनी केले, आणि क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हे १८१० मध्ये इंग्लंडच्या हंफ्री डेव्ही यांनी ठरवले. शोध शेले यांचा, नाव दुसऱ्याचे, हा प्रकार त्यांच्या आयुष्यात अनेकदा घडला.

प्राणवायू आणि हुकलेला मान

यांतील सर्वांत मोठा प्रसंग प्राणवायूचा. हवा हे एकच मूलद्रव्य आहे, अशी समजूत त्या काळी रूढ होती. पदार्थ जळतो तेव्हा त्यातून फ्लोजिस्टॉन नावाचे दाहकतत्त्व बाहेर पडते, असेही सर्वांना वाटत असे. शेलेही या समजुतीतून पुरते कधीच बाहेर आले नाहीत. पण त्यांचे हात त्यांच्या सिद्धान्तापेक्षा पुढे गेले. १७७१-७२ च्या सुमारास त्यांनी सोरा, पाऱ्याची भस्मे, मँगनीजचे खनिज असे निरनिराळे पदार्थ तापवून एक वायू मिळवला आणि तो जनावरांच्या मूत्राशयांच्या पिशव्यांत साठवला. त्यात धरलेली ज्योत लखलखून जळे. त्यांनी त्याला अग्निवायू म्हटले. हवा दोन वायूंची बनली आहे, एक ज्वलनाला साहाय्य करणारा आणि दुसरा न करणारा, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले.

श्वसनाचाही विचार त्यांनी केला. चुन्याच्या निवळीवर उपड्या ठेवलेल्या भांड्यात मधमाश्या ठेवून, दिवसागणिक पाणी किती वर चढते ते त्यांनी पाहिले. जीव जगतो तेव्हा अग्निवायू खर्ची पडतो आणि त्याजागी येणारा वायू चुन्याच्या निवळीत विरघळतो, हे त्यातून दिसले. शरीराला हा वायू पुरला नाही तर काय होते, या प्रश्नाच्या एका टोकाशी शेले असे पोहोचले होते. त्या प्रश्नाचे दुसरे टोकही पुढे त्यांच्याच हाती लागायचे होते, पण दोहोंचा संबंध जुळायला शतकभराहून अधिक काळ जावा लागला.

हे सारे त्यांनी एका ग्रंथात लिहिले. हस्तलिखित १७७५ च्या अखेरीस मुद्रकाकडे गेले. छपाई रेंगाळली आणि हवा व अग्नी यांवरील तो जर्मन ग्रंथ बाहेर पडला १७७७ मध्ये. तोवर इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टली यांनी ऑगस्ट १७७४ मध्ये तोच वायू स्वतंत्रपणे मिळवून जगाला सांगून टाकला होता. ३० सप्टेंबर १७७४ रोजी शेले यांनी पॅरिसच्या आंत्वान लव्हाझिए यांना पत्र लिहून हा वायू मिळवण्याची एक रीत कळवली होती. त्या पत्राला उत्तर आले नाही. लव्हाझिए यांनी पुढे या वायूला ऑक्सिजन हे नाव दिले आणि ज्वलनाचा खरा उलगडा करून फ्लोजिस्टॉनची कल्पना निकालात काढली. सिद्धान्ताचा मान लव्हाझिए यांचा, पहिल्या प्रसिद्धीचा प्रीस्टली यांचा. सर्वांत आधी वायू हाती आलेले शेले मात्र कित्येक वर्षे तळटिपेत राहिले. या प्रकरणी त्यांनी आकांडतांडव केल्याचे दिसत नाही. ते पुढच्या प्रयोगाला लागले.

कोपिंगचे औषधालय

४ फेब्रुवारी १७७५ रोजी स्वीडनच्या राजेशाही विज्ञान अकादमीने शेले यांना सदस्य करून घेतले. औषधविक्रेत्याच्या परीक्षेलाही अद्याप न बसलेल्या सहायकाला मिळालेला हा मान अपूर्व होता. त्याच वर्षी ते कोपिंग या लहान गावी आले. तेथील औषधविक्रेते पोल यांचे निधन झाले होते आणि दुकान त्यांच्या तरुण विधवेकडे, सारा मार्गारेता यांच्याकडे आले होते. ते चालवायला जाणता माणूस हवा होता. मध्यंतरी दुसरा एक खरेदीदार उभा राहिला आणि शेले यांच्यावर पुन्हा बेघर होण्याची वेळ आली. परंतु तोवर गावाला आपल्या या अबोल औषधविक्रेत्याची किंमत कळली होती. गावकऱ्यांचा कौल त्यांच्या बाजूने पडला आणि औषधालय त्यांच्याकडेच राहिले.

त्यानंतर शेले यांनी कोपिंग जवळजवळ सोडलेच नाही. १७७७ मध्ये ते स्टॉकहोमला जाऊन अकादमीत आपल्या जागी बसून आले आणि औषधविक्रेत्याची परीक्षाही देऊन आले. बर्लिनहून बोलावणे आले, मोठ्या पगाराची आमिषे आली. त्यांनी ती नाकारली. पोटापुरते मिळते आहे आणि प्रयोग करता येत आहेत, मग दुसरीकडे कशाला जायचे, असा त्यांचा साधा हिशेब होता. अकादमीने पुढे त्यांना वार्षिक अनुदान दिले. त्यातील बराचसा पैसा प्रयोगांत जाई.

कोपिंगच्या अकरा वर्षांत त्यांनी जे काम केले त्याची नुसती यादीही थक्क करणारी आहे. मॉलिब्डेनम आणि टंगस्टन या धातूंची आम्ले त्यांनी मिळवली. टंगस्टनच्या एका खनिजाला आज त्यांच्या नावावरून शेलाइट म्हणतात. तेलापासून साबण-मलम करताना सुटणारा गोड द्रव, म्हणजे ग्लिसरीन, त्यांनी १७८३ मध्ये ओळखले. मूतखड्यातील युरिक आम्ल, लिंबातील सायट्रिक आम्ल, सफरचंदातील मॅलिक आम्ल ही सारी त्यांची देणगी. सजीवांच्या शरीरांतून आणि फळांतून शुद्ध आम्ले वेगळी काढण्याची जणू एक पद्धतच त्यांनी घालून दिली.

आंबलेल्या दुधाचे पाणी

या मालिकेतील एक आम्ल दुधाचे. दूध नासते, दही लागते, दह्याला पाणी सुटते आणि ते आंबट लागते, हे जगभरच्या घरांत पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. हा आंबटपणा म्हणजे शिरक्यातलाच आंबटपणा, की काही वेगळा, हा प्रश्न शेले यांनी विचारला आणि १७८० मध्ये अकादमीच्या नियतकालिकात त्याचे उत्तर दिले.

त्यांची रीत पाहण्याजोगी आहे. आंबलेल्या दुधाचे पाणी त्यांनी आटवून एक अष्टमांश केले आणि त्यातील चोथा गाळून टाकला. मग चुन्याची निवळी घालून त्यातील फॉस्फेटाचा साका खाली बसवला. अशाने पाण्यात जास्तीचा चुना राहिला. तो काढायला त्यांनी ऑक्झॅलिक आम्ल नेमके हवे तेवढेच घातले, कमी नाही की जास्त नाही. उरलेला द्रव मधासारखा दाट होईपर्यंत आटवला आणि त्यावर मद्यार्क ओतला. आम्ल मद्यार्कात उतरले. दुधातील साखर आणि इतर द्रव्ये मागे राहिली. शेवटी मद्यार्क उडवून लावला आणि हाती आले ते तपकिरी रंगाचे, पाकासारखे, न गोठणारे आम्ल. ते पूर्णपणे शुद्ध नव्हते, पण निराळे होते, हे शेले यांनी त्याच्या क्षारांवरून दाखवून दिले.

फ्रान्समधील काही नामवंत रसायनज्ञांना ते पटले नाही. हे तर अशुद्ध शिरकाम्लच, असे त्यांनी ठरवले आणि शेले यांच्या मृत्यूनंतर काही काळ दुग्धाम्लाचे वेगळे अस्तित्वच नाकारले गेले. या वादाचा निकाल लावला तो स्वीडनच्याच दुसऱ्या थोर रसायनज्ञाने, याकोब बर्झेलियस यांनी. १८०७ च्या सुमारास त्यांना हेच आम्ल प्राण्यांच्या स्नायूंत आढळले. शेले यांचा निष्कर्ष खरा ठरला आणि दुधाचे आम्ल प्रथमच दुधाच्या भांड्यातून शरीरात आले.

अकाली अखेर

कोपिंगची थंडी, रात्रीची जागरणे, धुराने भरलेली खोली आणि हाताखाली सदैव पारा, शिसे, आर्सेनिक. त्या काळच्या रसायनज्ञांच्या रिवाजाप्रमाणे शेले मिळालेला पदार्थ हुंगून आणि चाखूनही पाहत. हायड्रोजन सायनाइड या जहाल विषाच्या वासाबरोबर त्याच्या चवीचेही वर्णन त्यांनी केले आहे. तो प्रयोग जिवावर बेतला नाही हे आश्चर्यच. त्यांनी १७७५ मध्ये तयार केलेला तांबे आणि आर्सेनिकचा सुंदर हिरवा रंग पुढच्या शतकात भिंतींच्या कागदांवर आणि कापडांवर पसरला आणि त्याच्या विषारीपणाचा त्रास लोकांना भोगावा लागला.

१७८५ च्या अखेरीस शेले यांची प्रकृती ढासळली. मूत्रपिंडाचा विकार आणि त्वचारोग यांनी त्यांना ग्रासले. रसायनांच्या दीर्घ संपर्काने देह पोखरला गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. अंत जवळ आल्याचे ओळखून त्यांनी एक व्यवहार पुरा केला. दहा वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या घरी राहून त्यांनी औषधालय चालवले, त्या सारा मार्गारेता यांच्याशी त्यांनी मृत्युशय्येवर विवाह केला, जेणेकरून औषधालय आणि मालमत्ता कायद्याने त्यांच्याकडे जावी. विवाहानंतर दोनच दिवसांनी, २१ मे १७८६ रोजी, शेले यांचे निधन झाले. इतरांच्या मालकीच्या दुकानांत आयुष्य घालवलेल्या माणसाने जाताना आपले दुकान योग्य हाती सोपवले.

दुधातून रक्तात

शेले गेले, त्यांच्या आम्लाचा प्रवास चालू राहिला. १८४२-४३ च्या हिवाळ्यात जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्रसूतिज्वराने काही स्त्रिया दगावल्या. योहान शेरर या वैद्य-रसायनज्ञांनी त्यांच्या रक्ताची तपासणी केली आणि त्यात दुग्धाम्ल आढळल्याचे १८४३ मध्ये नोंदवले. गंभीर आजारात माणसाच्या रक्तात हे आम्ल वाढते याची ही पहिली खूण. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखवले, की प्राणवायूविना काम करणाऱ्या स्नायूत दुग्धाम्ल साचते आणि प्राणवायू मिळताच ते ओसरते. या आम्लाच्या आणि प्राणवायूच्या संबंधाचा उलगडा केल्याबद्दल ओटो मायरहोफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूंच्या उष्णतेवर काम करणारे आर्किबाल्ड हिल त्यात सहभागी होते. शेले यांनी एका हाताने प्राणवायू शोधला होता, दुसऱ्या हाताने दुग्धाम्ल. त्या दोहोंची गाठ अशी पडली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रक्तातील लॅक्टेट हा अतिदक्षता विभागाचा विषय झाला. याच काळात, ३ डिसेंबर १९६७ रोजी, दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसात माणसाचे हृदय बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासांतच दगावला. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेल्या विरोधापुढे नव्या हृदयाचा टिकाव लागला नाही. आपल्या देशात यशस्वी प्रत्यारोपणासाठी १९९४ उजाडावे लागले. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये ते साध्य झाले.

प्रत्यारोपणात नवे हृदय काही तास रक्तपुरवठ्याविना, थंड ठेवलेले असते. साधारण चार तासांच्या आत ते बसावे असा प्रयत्न असतो. ज्याला ते बसते त्याचे शरीर आधीच महिनोन् महिने अपुऱ्या रक्तपुरवठ्यावर तगलेले असते, आणि शस्त्रक्रियेच्या काळात हृदय-फुप्फुस यंत्रावर असते. त्यामुळे रुग्ण बाहेर येतो तेव्हा लॅक्टेट थोडेफार चढलेले असणे अपेक्षितच असते. निरोगी माणसात ते लिटरला दोन मिलिमोलच्या आत राहते. चारच्या पुढे गेले की काळजी वाढते. परंतु एका आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची. पहिल्या दिवसात तो तासागणिक उतरत गेला, तर नवे हृदय भार पेलू लागले असा अर्थ घेता येतो. चढत गेला, रक्तदाब पडू लागला, लघवी कमी झाली, तर नवे हृदय कमजोर पडले आहे काय, उजव्या कप्प्याला फुप्फुसांचा दाब सोसवत नाही काय, छातीत रक्त साचून हृदय दाबले जात आहे काय, आतड्यांचा रक्तपुरवठा तुटला आहे काय, हे सारे तातडीने पाहावे लागते. सोनोग्राफीने हृदय तपासले जाते. औषधे बदलली जातात. प्रसंगी काही दिवस कृत्रिम यंत्राचा आधार द्यावा लागतो.

येथे एक सावधगिरीही लागते. लॅक्टेट चढले म्हणजे प्राणवायूच कमी पडला, असे दर वेळी नसते. हृदयाला चालना देण्यासाठी दिलेले अॅड्रिनॅलिन स्वतःच लॅक्टेटची निर्मिती वाढवते. दीर्घकाळ रक्त तुंबून दमलेले यकृत ते सावकाश निचरून टाकते. हातपाय उबदार, लघवी व्यवस्थित, रक्तदाब स्थिर आणि केवळ आकडा चढलेला, अशा रुग्णात घाईने निष्कर्ष काढणे घातक ठरू शकते. म्हणून अनुभवी डॉक्टर हा आकडा एकट्याने वाचत नाहीत. शिवाय दुग्धाम्ल म्हणजे निव्वळ टाकाऊ विष, ही जुनी समजूतही आता मागे पडली आहे. यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवते, आणि सुदृढ हृदय तर लॅक्टेट इंधन म्हणून वापरते. ज्या द्रव्यावरून हृदयाची कसोटी पाहायची, तेच त्या हृदयाचे अन्नही आहे.

शेले यांना यातील काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हृदयाची क्रिया, पेशींचे श्वसन, अतिदक्षता हे त्यांच्या जगाचे विषय नव्हते. त्यांचे श्रेय निराळे आहे. आंबटपणा सगळा सारखाच, या ढोबळ समजुतीवर त्यांनी समाधान मानले नाही. एकासारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू खरोखर एकच आहेत की नाहीत, हे तपासण्याचे कष्ट त्यांनी घेतले. दुग्धाम्ल आणि शिरकाम्ल यांतला भेद कोणी ओळखलाच नसता, तर रक्तात नेमके काय मोजायचे हेही कोणाला कळले नसते.

स्टॉकहोममध्ये आणि कोपिंगमध्ये त्यांचे पुतळे आहेत, एका खनिजाला त्यांचे नाव आहे, आणि प्राणवायूच्या शोधात आज प्रीस्टली व लव्हाझिए यांच्या बरोबरीने त्यांचा उल्लेख होतो. उशिरा का होईना, न्याय झाला. पदवी नाही, पद नाही, राजधानीतला आश्रय नाही, अशा स्थितीत गावातल्या औषधालयाची रोजची गिऱ्हाइके सांभाळून त्यांनी हे काम केले. आपल्याकडेही गावोगावी तुटपुंज्या साधनांवर निष्ठेने काम करणारी माणसे आहेत. त्यांच्या नोंदवह्या आज कोणी उघडत नसेल. कोपिंगच्या एका नोंदीला रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला जवळजवळ दोन शतके लागली, पण ती पोहोचली, एवढे शेले यांचे चरित्र निश्चित सांगते.